लेन्सनं पुसलेला मामा

माझे जेवढे फोटो निघाले तेवढे आमच्या धाराशिवकडच्या वाशीत कुणाचेच निघाले नसतील. आणि गंमत बघा, त्यातला एकही माझ्यासाठी काढलेला नाही. बाजारात गव्हाच्या पोत्यात हात घालून मूठभर गहू तळहातावर घेतात, फुंकर मारून बघतात आणि परत पोत्यात टाकून देतात, तसा माझा चेहरा. तपासायची असायची लेन्स. मी आपली समोर बसलेली.

तपासणारे गृहस्थ म्हणजे आमचे फोटोवाले. त्यांचं नाव लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे इतकी वर्षं शेजारी दुकान असून मी त्यांना कधी नावानं हाक मारलीच नाही. मी म्हणायची ‘अहो फोटोवाले’, ते म्हणायचे ‘मावशी’. माझं शिलाईचं दुकान, त्यांचा स्टुडिओ, मधे एकच भिंत. भिंतीच्या अल्याड माझी मशीन खडखडायची आणि पल्याड ते कुणाला तरी सांगत असायचे, “हनुवटी खाली. अजून खाली. एवढी नव्हं, शाळेत मार खाल्ल्यावानी!” आता ते लेकीकडं धाराशिवला राहायला गेले. त्यांच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलंय. पोरं चांगली आहेत, पण भिंतीपलीकडनं हनुवटीबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला मशीन चालवताना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

अंगानं काटकुळे, पाठीत जरा वाकलेले, आणि उन्हाळा असो हिवाळा असो, अंगात ते बिनबाह्यांचं जाकीट. ते मीच शिवलेलं. “मावशी, खिसे अकरा पायजेत,” म्हणाले. अकरा कशाला, विचारलं तर बोटं मोजून त्यांना दहाच सांगता आले. अकरावा मग भाजक्या शेंगदाण्यांचा झाला. रडक्या पोराला फोटोआधी दोन दाणे द्यायचे. पुढं पुढं मोठ्यांनाही द्यायला लागले. टाय लावून आलेल्या साहेबाच्या तळहातावर दोन शेंगदाणे ठेवले की साहेब गोंधळून एकदा दाण्यांकडं आणि एकदा ह्यांच्याकडं बघायचा आणि नाइलाजानं हसायचा. तेवढ्यात फोटो निघालेला असायचा.

माणसाच्या चेहऱ्याकडं बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. चेहऱ्यावरच्या उजेडाकडं बघून बोलायचे. एकदा एक गुरुजी भर दुपारी घाईघाईनं आले. कसला तरी फॉर्म भरायचा होता, पासपोर्टचा फोटो पाहिजे होता. हे दारातच आडवे.

“गुरुजी, आत्ताचं ऊन तुमच्या कपाळाला पटत न्हाय. चारला या.”

“अहो, तीनला खिडकी बंद होतीय!”

“मग उद्या या. कपाळ कुठं जातंय?”

आत दिवे होते, पांढरा पडदा होता, सगळं होतं. पण दारात उजेड पटला नाही की माणूस आत घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. गुरुजी तणतणत पुढच्या चौकात गेले, दुसऱ्याकडनं फोटो काढून आणला आणि मुद्दाम दाखवायला थांबले. ह्यांनी तो हातात घेतला, तिरका करून बघितला, परत दिला आणि एवढंच म्हणाले, “बघा. म्हनलं नव्हतं?”

असा माणूस धंदा कसा करत असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण लग्नाच्या दिवसांत लांबलांबची माणसं ह्यांच्याच दारात. कारण ह्यांनी काढलेल्या फोटोतला माणूस खरंच त्या माणसासारखा दिसायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तुमचं आधार कार्ड काढून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

त्यांचे वडील बैलांच्या बाजारातले जाणकार. कुणाला बैल घ्यायचा असला की म्हाताऱ्याला बरोबर न्यायचे. दात बघायचे, खांदा दाबून बघायचा, खडकाळ रस्त्यावर चालवून बघायचा, पाण्यावर नेऊन पितो कसा ते बघायचं. आणि तरीसुद्धा म्हातारा म्हणायचा, आठ दिवस दावणीला बांधल्याशिवाय बैल कळत नाही. पोरानं बैलाचा धंदा सोडला, पण ती खोड काही सोडली नाही. नवी लेन्स आली की तिचे आठ दिवस दावणीचे. ना लग्न, ना बारसं. फक्त तपासणी. आणि ती तपासणी माझ्यावर.

“माझ्यावरच का हो? पलीकडं ब्यूटी पार्लर हाय, तिथं जावा की.”

“तिथल्या चेहऱ्यावर सगळं एकसारखं असतंय, मावशी. तुमच्या चेहऱ्यावर बघायला लई हाय.”

मी तेव्हा पासष्टीला टेकलेली. ही स्तुती होती की काय होतं, ते मी अजून ठरवायलीय.

तर आमच्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी सोलापूरहून ती पंच्याऐंशी एमएमची लेन्स आणली. कुणाची तरी वापरलेली, पंधरा दिवसांच्या बोलीवर. पटली तर ठेवा, नाही तर परत. गुळाच्या ढेपेसारखी जड, आणि तोंड एवढं मोठं की त्यात माझं अख्खं दुकान उलटं लटकलेलं दिसायचं. हातात धरून त्यांनी मला अशी दाखवली, जसं कुणी नातू दाखवावा.

“ही झूम होत न्हाय, मावशी. जवळ पायजे तर आपण पुढं जायचं, लांब पायजे तर आपण मागं सरायचं.”

“मग त्यात नवं ते काय? तसं तर डोळ्यांनी पण बघता येतंय.”

“उजेड पिती, उजेड! हौदावर म्हैस सोडल्यावानी पिती. दिवेलागणीला बी बघा कसा फोटो येतोय. आणि एक माणूस धरला की बाकीचं सगळं ब्लर. लोण्यावानी.”

मी तिला खणाच्या कापडाचं टोपडं शिवून दिलं. त्यांच्या प्रत्येक लेन्सला माझ्याकडच्या ब्लाउजपीसाच्या तुकड्याचं टोपडं असायचंच. कुठल्या लेन्सला कुणाच्या ब्लाउजचं कापड, हे त्यांना पाठ. “जरा कुलकर्णीणबाईची काढा बरं,” असं ते आपल्याच हाताशी बोलायचे, आणि नवखं गिऱ्हाईक दचकून बघायचं.

आणि मग आठ दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी माझी रिळं. माझ्या मशीनच्या टेबलावर नऊ रिळं तिरक्या ओळीत मांडली आणि मधल्या लाल रिळावर लेन्स धरली. लाल रिळाचा दोरान् दोरा दिसला पाहिजे आणि त्याच्या पुढचं पिवळं, मागचं निळं विरघळलं पाहिजे. “रिळाला हात लावू नका, टेस्ट चालू हाय,” हा हुकूम. मला नेमका लाल ब्लाउज द्यायचा होता. दोन दिवस वाट बघून मी तो नारिंगी दोऱ्यानं शिवला. ती बाई अजून बोलून दाखवते.

मग माझा चेहरा. दारात स्टुलावर बसायचं. “डोळा! मावशी, डावा डोळा! डोळा सापडला की माणूस सापडला.” फोटो कॉम्प्युटरवर एवढा मोठा करायचे की पापणीचा केस सुतळीएवढा दिसायचा. डाव्या डोळ्याची पापणी दिसली आणि उजवा डोळा जरा विरघळलेला आला, की त्यांना केवढा आनंद! म्हणायचे, “एक डोळा हितं, एक तिथं. काय लेन्स हाय!” मी म्हणाले, “अहो, माझे दोन्ही डोळे एकाच तोंडावर हायत.” ते काही त्यांनी ऐकलं नाही.

झूम होत नाही म्हणून मागं सरत सरत फोटो काढायचे. सरता सरता तिसऱ्या दिवशी भाजीवालीच्या पाटीत बसले. मेथी आणि वर हे. लेन्स मात्र दोन्ही हातांनी वर धरलेली, पुरात लेकरू धरावं तशी. भाजीवाली ओरडायलीय, लोक हसायलेत, आणि हे मेथीत बसून मला सांगतात, “मावशी, हलू नका, हितनंच लई झ्याक दिसतंय.”

व्हिडिओची तपासणी तर विचारूच नका. चिंचेच्या झाडापासनं दुकानाच्या पायरीपर्यंत मी डोक्यावर कळशी घेऊन चालत यायचं. चालत्या माणसाला लेन्स धरून ठेवती का मधेच सोडती, ते बघायचं. दहा वेळा चालले. अकराव्या वेळेला दूधवाला सायकल थांबवून हात जोडून म्हणाला, “काय मावशी, नवस हाय का कुठला?”

शेवटच्या खेपेला माझ्या मागनं कुणाची तरी म्हैस आडवी गेली. अख्खी म्हैस, फोटोभर! पण लेन्सनं मला सोडलं नाही. मी लख्ख आणि म्हैस म्हणजे नुसता काळा धूर. फोटोवाले रस्त्यात नाचायचे तेवढे राहिले होते. “बघितलं? मागनं म्हैस गेली तरी मावशीला सोडलं न्हाय! ठेवली लेन्स. आता हीच तुमच्या लेकीच्या लग्नाला.”

मी पण खूश झाले. खोटं कशाला बोलू. म्हशीवर मात केल्याचा आनंद कुणाला होत नाही?

आता लग्नाचं सांगते. त्यासाठी माझ्या भावाबद्दल थोडं सांगावं लागेल. मला एकच भाऊ, माझ्या पाठचा, ईट गावात शेती करतो. आई-वडील गेल्यापासनं माझं माहेर म्हणजे तोच. अंगानं दांडगा, बोलायला कमी, आणि मानापमानाला लई कडक. लेकीचा मामा म्हणून त्यानं त्या लग्नासाठी नवा फेटा घेतला होता. फेटा बांधायला माणूससुद्धा ईटहून आणला, वाशीतल्याच्या हातावर भरवसा नव्हता. आमच्यात मंगलाष्टका चालू असताना मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. तो त्याचा मान. तेवढी पाच मिनिटं मामा म्हणजे मामा.

आणि नवरीच्या आईनं ते बघायचं नसतं. आईनं तुळशीला पाणी घालायचं. कार्यालयाच्या मागं एका डब्यात तुळस होती, तिला मी पाणी घालत उभी होते. पुढं अष्टका चाललेल्या, इकडं मी आणि तुळस आणि भिंतीला लावलेली माझ्या भावाची मोटारसायकल. बघते तर किल्ली तशीच लावलेली. म्हटलं, एवढा मोठा झाला पण वेंधळेपणा गेला नाही. कुणी घेऊन जायचं म्हणून किल्ली काढली आणि कमरेला खोचली. नंतर दिवसभर त्यानं ती किल्ली शोधली. मी गडबडीत संध्याकाळी दिली, कधी काढली होती ते सांगायचं राहूनच गेलं. तर लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना मी बघितलंच नाही. ते जे काय बघायचं ते मला फोटोतच बघायचं होतं.

आषाढात अल्बम आला. घरात सगळे जमले. भाऊ मुद्दाम ईटहून आला, चष्मा पुसून मांडी घालून बसला. अल्बम उघडला आणि मी खरंच तोंडाला पदर लावला, इतकी माझी लेक गोड दिसत होती. त्यातला एक फोटो तर असा की अंतरपाट खाली यायच्या आधीच ती हसलीय. लाजून नाही, नवरीसारखं नाही, लहानपणी चिंचा चोरून आणल्यावर हसायची तसं, दात दाखवून. सगळे वाहवा करायला लागले.

भाऊ मात्र पानं उलटत होता. उलटत होता, मागं येत होता, परत उलटत होता. मग मी बघितलं. प्रत्येक फोटोत लेक लख्ख, आणि तिच्या मागं एक गुलाबी ढग. तो ढग म्हणजे फेटा. ढगाखाली एक तांबूस गोळा. तो माझा भाऊ. ना नाक, ना डोळे, ना मिशी. आमच्या मालकांचा, नवरीच्या बापाचा, एका फोटोत निदान एक कान तरी लख्ख आला होता. मामा कुठंच नव्हता.

“व्हिडिओत असल,” मी म्हणाले. व्हिडिओ लावला. त्यातही तेच. लेन्स लेकीचा डोळा धरून बसलेली, सोडायला तयार नाही.

फोटोवाले तिथंच होते. गप्प बसावं ना! तर पुढं सरकून कौतुकानं म्हणाले, “मामा, ब्लर झालाव खरं, पण काय सुंदर ब्लर झालाव बघा! कडा कुठं फाटली न्हाय. मावशीच्या मागनं म्हैस गेली होती टेस्टिंगला, ती बी अशीच आली होती.”

भावानं चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. “म्हंजे मला म्हशीच्या जागी धरलं,” म्हणाला. “हितं बुजगावणं उभं केलं असतं तरी चाललं असतं की, आक्का. फेटा तेवढा बांधायचा त्याला.” अल्बम जमिनीवर ठेवला आणि उठला. चहा गाळलेला होता, तो तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरनं? अहो, मामाचा मान एवढासा नसतो. गावात जो तो विचारणार, मामा कुठाय, आणि त्यानं ढगाकडं बोट दाखवायचं?

मी फोटोवाल्यांशी बोलणं टाकलं. स्टूल दारातनं उचलून आत नेलं. चार दिवसांनी बघते तर ह्यांनी त्यांच्या पायरीवर एक लाल भोपळा आणून ठेवला होता, त्याला काजळाचे दोन डोळे काढलेले, आणि हे त्याच्यासमोर वाकून म्हणायलेत, “डावा डोळा! डावा!” मला हसू आलं पण मी ते मशीनच्या आवाजात घालवलं. दोन दिवसांनी भोपळा मऊ पडायला लागला, तसे स्वतःच माझ्या दारात येऊन उभे राहिले.

“मावशी, चूक माझीच हाय. आमचे आबा सांगायचे, बैल एकटा चालवून बघितला म्हंजे बघितला असं न्हवं, जोडीत जुंपून बघायचा. म्या तुमाला एकटीलाच बघितलं. मागं माणूस उभा करून बघितलंच न्हाय. म्हैस बघितली, पण म्हशीला कुठं मान असतोय.”

“आता मला सांगून काय उपयोग? माझा भाऊ गेला की ईटला रुसून.”

“येतील की. पंचमीला न्यायला येतीलच.”

आमच्याकडं नागपंचमीचा सण म्हणजे लेकीबाळींचा. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या लग्नाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, पण माझा मुराळी कधी चुकला नव्हता. आधी वडील यायचे, मग हा. पंचमीच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरली. तिळाचे लाडू, भावजयीला ब्लाउजपीस. दुकानाच्या पायरीवर बसले. ईटकडची गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मोटारसायकलचा आवाज आला की मान वळायची. दुपार टळली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि शेजारच्या पायरीवर फोटोवाले ती पंच्याऐंशीची लेन्स घेऊन काहीतरी करायलेत.

“कशाला काढता हो माझा फोटो आज?” मी कावून म्हणाले.

“टेस्टिंग,” म्हणाले. त्या दिवशी ना हनुवटी, ना डोळा. माझ्या हातावर दोन शेंगदाणे ठेवले आणि आत गेले. संध्याकाळी मी पिशवी घरी नेऊन रिकामी केली.

गौरी-गणपती झाले, दसरा झाला, तरी ईटहून फोन नाही. मी केला तर भावजय उचलायची, “शेतात गेलेत” म्हणायची. माझ्या डोक्यात एकच, पंचमी गेली ती गेली, आता भाऊबीज. भाऊबीजेला एकुलता भाऊ आला नाही तर मी ओवाळायचं कुणाला? चंद्राला ओवाळतात म्हणे, ज्यांना भाऊ नसतो त्या. मला भाऊ असताना चंद्र कशाला?

दिवाळीच्या आधी एक दिवस फोटोवाल्यांचं दुकान बंद दिसलं. ऐन गिऱ्हाइकीत. मला वाटलं, आजारी असतील. पुढचं मला भावाकडनं कळलं ते असं.

हे सकाळच्या गाडीनं ईटला गेले. भाऊ शेतात ज्वारीला पाणी देत होता. बांधावर जाऊन उभे राहिले. भावानं बघितलं आणि पाठ केली. हे आपले उभेच. तासाभरानं भाऊ म्हणाला, “काय ते बोला आणि जावा.” तेव्हा ह्यांनी पिशवीतनं लेकीचा तो हसरा फोटो काढला.

“मामा, ह्या फोटोची लई तारीफ झाली. दुकानाच्या काचेत लावला तर लोक म्हनत्यात, काय लेन्स हाय! पण लेन्स हसवत न्हाय कुणाला. म्या तर तिला शेंगदाणे बी दिले नव्हते, हातात हार होता तिच्या. आठवायलो तर एवढंच आठवतंय, तुमी तिच्या कानाशी वाकलाव आणि ती हसली. हे हसू तुमचं हाय. नाव माझं झालं. ते सांगायला आलोय.”

मग ह्यांनी दुसरा फोटो काढला. त्यात मी. पायरीवर, मांडीवर पिशवी, मान रस्त्याकडं वळलेली, आणि माझ्या मागं ईटकडचा रस्ता सगळा ब्लर.

“हे बी त्याच लेन्सनं काढलंय. पंचमीच्या आदल्या दिवशी. हितं बी मागं कुणी दिसत न्हाय, मामा. पण ह्यात लेन्सचा दोष न्हाय. तिथं कुणी नव्हतंच.”

एवढं बोलून दोन्ही फोटो बांधावर ठेवले, उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवलं, आणि गाडी धरायला निघून आले. मला एका शब्दानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, “डोकं दुखत होतं.”

भाऊबीजेला सकाळी मोटारसायकलचा आवाज आला. मी मान वळवली नाही, किती वेळा वळवायची? आवाज दारात येऊन थांबला. बघते तर भाऊ. डोक्याला तोच गुलाबी फेटा, ह्या खेपेला स्वतःच बांधलेला, जरा तिरका. हातात माझा फोटो.

“पिशवी भर, आक्का. ओवाळ आधी, मग चल ईटला. पंचमीची राहिलीय.”

मी ओवाळलं. मी नुसती त्याच्या तिरक्या फेट्याकडंच बघायलीय, तसा तो खाकरला आणि म्हणाला, “निरांजन विझल, नीट धर.” तेवढ्यात फोटोवाले कॅमेरा घेऊन हजर. भावानं त्यांच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं, परत बिघडलं. पण तो म्हणाला, “आज दिसंल का मी?”

“आज लेन्सचं तोंड आवळून आणलंय, मामा. पुढचा बी दिसंल, मागचा बी.”

लेक-जावई आलेले होतेच. मी भावाला परत पाटावर बसवलं, तबक घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहिले. फोटोवाले मागं सरायला लागले. मागं कुणी भाजीवाली नाही ना, ते मी बघून घेतलं. आणि मला राहवलं नाही. म्हटलं, “काय रे, खरं सांग. त्या दिवशी पोरीच्या कानात काय बोललास?”

भाऊ जावयाकडं बघायला लागला. लेक फसकन हसली. “सांग की मामा, त्यांना मी कवाच सांगितलंय.”

मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. लेक त्या दिवशी अंतरपाटामागं थरथरत होती. म्हणून हा तिच्या कानात म्हणाला होता, “नको असल तर अजून सांग. कार्यालयाच्या मागं गाडी लावलीय, किल्ली तशीच ठिवलीय. ह्यांची सावधान व्हायच्या आत तुला ईटला नेतो.”

जावई पोट धरून हसायला लागले. आणि मला ती तुळस आठवली. तो डबा, ती भिंत, ती मोटारसायकल.

“अरे पण,” मी म्हणाले, “किल्ली तर माझ्या कमरेला होती!”

भाऊ एकदम मागं वळला, तोंड उघडं, डोळे एवढे मोठे. मग आम्ही दोघं जे हसलो, ते मला वाटतं आई गेल्यापासनं तसं हसलो नव्हतो. त्याचा फेटा सुटला, माझ्या हातातलं तबक कलंडलं, आणि फोटोवाल्यांनी तेवढ्यात फोटो काढला.

तो फोटो आता माझ्या दुकानात मशीनच्या वर आहे. मी लख्ख, तो लख्ख. त्याची मिशी, सुटलेला फेटा, माझा पडलेला दात, सगळं दिसतंय. बाजाराच्या दिवशी भाऊ आला की आधी त्या फोटोसमोर उभा राहतो आणि विचारतो, “आक्का, मागं कोण उभं हाय गं ते?” मी म्हणते, “बुजगावणं.” मग चहा होतो.

फोटोवाले धाराशिवला जायला निघाले, तेव्हा सामान टेम्पोत चढत होतं आणि ते दारात उभे राहून माझ्या चेहऱ्यावरचा उजेड बघत होते. मी म्हटलं, “अहो फोटोवाले, एवढे फोटो काढले माझे, सगळे त्या लेन्सांपायी. एक तेवढा हा भाऊबीजेचा. एवढा एक तरी माझ्यासाठी काढलात, व्हय ना?”

त्यांनी फोटोकडं बघितलं, मान तिरकी केली, खिशातनं दोन शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

“न्हाय मावशी,” म्हणाले, “लेन्सच बघायलो होतो. जोडीत जुंपून.”